‘आता अपील कशाला?’ असं विचारणाऱ्यांना

बलात्काराच्या खटल्यात शिक्षा झाली की आपल्या फोनवर दोन बातम्या येतात. पहिली निकालाच्या दिवशी. ‘नराधमाला मरेपर्यंत जन्मठेप.’ लाल पट्टी, बेड्या घातलेल्या माणसाचा पुसट केलेला चेहरा, खाली हात जोडलेले इमोजी. दुसरी काही आठवड्यांनी येते, तीन ओळींची. दोषी माणसानं उच्च न्यायालयात अपील केलं. तिच्याखालच्या कमेंट्सचा सूर ठरलेला असतो. आता अपील कशाला? गुन्हा सिद्ध झाला ना? चौकात लटकवा. आणि त्याचं वकीलपत्र घेणाऱ्यालाही.

मी वकील आहे. गेली सहा वर्षं एका जिल्हा न्यायालयात काम करते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर असल्यामुळे ज्यांना वकील परवडत नाही अशांची कामं येतात. त्यांत आरोपी असतात आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला त्या मुली-बायकाही असतात. त्यामुळे ‘आता अपील कशाला’ हा प्रश्न मला दोन्हीकडून ऐकू येतो, आणि दोन्हीकडून ऐकल्यावर त्याचा राग येतो. अपील नको म्हणणारे चुकीच्या गोष्टीवर चिडलेत. अपील आहे ही आपली अडचण नाही. ते एका बाजूचं जवळजवळ संपूर्ण आहे आणि दुसऱ्या बाजूचं अर्धंमुर्धं, ही अडचण आहे. ते वेळेत ऐकलं जात नाही, ही त्याहून मोठी अडचण आहे. आणि या दोन्हींवर कुणी चिडत नाही, कारण त्यावर रील होत नाही.

अपील नसतं तर

अपील ही बलात्काऱ्यांची पळवाट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी देसाईगंजला यावं. २६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. कायद्याच्या पुस्तकांत ती ‘मथुरा’ या नावानं राहिली आहे. १९७४ साली सत्र न्यायालयानं दोघांनाही सोडून दिलं. का, तर मुलीला शरीरसंबंधांची सवय होती म्हणून. गोष्ट तिथेच संपली असती. ती संपली नाही, कारण अपील होतं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं निकाल फिरवला आणि एक साधी गोष्ट लिहून ठेवली: भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. एका पोलिसाला ५ वर्षं, दुसऱ्याला १ वर्ष शिक्षा झाली.

पुढचं तुम्हाला कदाचित माहीत असेल. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नाही, असा तो हिशेब होता. त्याच्यावर आता दुसरं न्यायालय नव्हतं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात स्त्रीनं ‘माझी संमती नव्हती’ असं न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयानं तसं गृहीत धरायचं, हे तेव्हापासून कायद्यात आलं.

या प्रकरणात खालचं न्यायालय चुकलं, मधलं बरोबर होतं, वरचं चुकलं. न्यायाधीश माणसं असतात. त्यांच्या डोक्यात त्यांच्या काळाची जळमटं असतात. म्हणून एका माणसाच्या निकालावर दुसऱ्या माणसाची नजर पडणं गरजेचं असतं. पहिल्या निकालालाच शेवटचा मानायचं ठरवलं असतं, तर १९७४ चा तो निकाल शेवटचा ठरला असता. ‘अपील बंद करा’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कायम शिक्षा झालेला माणूस असतो. पहिल्याच न्यायालयात हरलेली मुलगी त्यांच्या डोळ्यांपुढे येतच नाही.

बिल्किस बानोचा खटला गुजरातमधून मुंबईत आणला गेला. २००८ मध्ये विशेष न्यायालयानं ११ जणांना जन्मठेप दिली, पण काही पोलिसांना आणि दोन डॉक्टरांना सोडून दिलं. मे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या सात जणांची सुटकाही रद्द केली. पुरावा दडपणाऱ्यांना दोषी ठरवायला अपीलच कामी आलं. त्याच निकालात उच्च न्यायालयानं तिघांना फाशी देण्याची सीबीआयची मागणी फेटाळली. म्हणजे एकाच अपिलात कुणाची सुटका गेली आणि कुणाची जन्मठेप जन्मठेपच राहिली. निकाल फोनवर पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो. खरं तर न्यायालयानं प्रत्येक माणसाचा वेगळा विचार केला होता.

सहा माणसं, सोळा वर्षं

आता दुसरी बाजू. इथं तुम्ही स्क्रोल कराल अशी मला भीती आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

जून २००३. नाशिक जिल्ह्यात शेतावर राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जण मारले गेले, घरातल्या मुलीवर बलात्कार झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००९ मध्ये सहाही जणांना पुन्हा फाशी झाली. आज असा निकाल लागला असता तर आपण सगळ्यांनी तो स्टोरीला लावला असता.

५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं, स्वतःचाच जुना निकाल बाजूला ठेवून झालेल्या फेरसुनावणीत, सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? हल्ल्यातून वाचलेल्या जखमी आईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखले होते. ते चौघे या सहांमध्ये नव्हते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. सहा जणांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयानं प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यायला सांगितलं. सोळा वर्षं तुरुंगात, त्यातली बरीच फाशीच्या कोठडीत.

या निकालावर ‘आरोपी सुटले’ असं म्हणून हळहळणं सोपं आहे. पण नीट विचार करा. त्या आईनं सांगितलेली माणसं मोकळी राहिली. गरीब, भटकी, कुणी विचारायला न येणारी सहा माणसं पोलिसांना सोपी पडली. चुकीच्या माणसाला शिक्षा होते तेव्हा अत्याचार करणारा सुटलेला असतो, आणि त्याच्यामागे आता कुणी लागणारही नसतं, कारण फाइल बंद झालेली असते. चुकीची शिक्षा ही पीडितेची जीत कधीच नसते. अपील नसतं तर या सहा जणांना २००६ नंतर कधीतरी फाशी झाली असती आणि आपण ‘न्याय झाला’ म्हणून झोपी गेलो असतो.

कायद्यातला राहून गेलेला शब्द

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? तर हे हत्यार दोन्ही हातांत सारख्या लांबीचं नाही याबद्दल.

शिक्षा झालेल्या माणसाला अपिलाचा हक्क आहे. दोषी ठरवणंही चूक आणि शिक्षाही जास्त, असं दोन्ही तो म्हणू शकतो. ते बरोबरच आहे. पीडितेला मात्र २००९ च्या अखेरीपर्यंत स्वतःचा म्हणून अपिलाचा हक्कच नव्हता. तिचा खटला सरकार विरुद्ध अमुक असा चालायचा, आणि अपील करायचं की नाही हे सरकार ठरवायचं. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ मध्ये एक परंतुक आलं आणि तिला तीन गोष्टींसाठी अपील करता येऊ लागलं: आरोपीला सोडलं तर, कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं तर, आणि भरपाई अपुरी दिली तर.

पुन्हा एकदा वाचा. काय राहिलं?

शिक्षा. आरोपी दोषी ठरला, योग्य त्या कलमाखाली ठरला, पण शिक्षा अगदीच कमी झाली, तर पीडितेला अपिलाचा हक्क नाही. तो फक्त सरकारला आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्टच केलं: शिक्षा वाढवून मागण्यासाठी पीडितेला या परंतुकाखाली अपील करता येणार नाही. म्हणजे भरपाई दहा हजार कमी मिळाली तर ती भांडू शकते, शिक्षा दहा वर्षं कमी झाली तर तिनं सरकारी वकिलाच्या केबिनबाहेर बसायचं.

संसदेला हे दुरुस्त करायची आयती संधी होती. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. ‘वसाहतवादी कायद्यांतून मुक्ती’ वगैरे भाषणं झाली. कलम ३७२ चं कलम ४१३ झालं. आतले शब्द तेच राहिले. ‘शिक्षा’ हा शब्द तेव्हाही राहून गेला.

शिक्षा कमी होण्याचे प्रकार काल्पनिक नाहीत. कर्नाटकातल्या एका खटल्यात सात-आठ वर्षांच्या मुलीवर बलात्कार करणाऱ्याची १० वर्षांची शिक्षा उच्च न्यायालयानं ४ वर्षांवर आणली होती. माणूस खेड्यातला, अशिक्षित, दारूच्या आहारी गेलेला, घरी म्हातारी आई आणि बायकामुलं, अशी कारणं होती. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं म्हणून २००० मध्ये १० वर्षं पुन्हा लागू झाली. २०११ मध्ये पंजाबमधल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात खुद्द सर्वोच्च न्यायालयानं १० वर्षांची शिक्षा भोगलेल्या साडेतीन वर्षांवर आणून ठेवली. घटना जुनी झाली होती आणि दोन्ही पक्षांत तडजोड झाली होती म्हणे. २०१३ साली कायदा बदलून किमान शिक्षेच्या खाली जाण्याची वाट बंद केली गेली, आणि बलात्कारात तडजोड हे शिक्षा कमी करण्याचं कारण होऊ शकत नाही असं सर्वोच्च न्यायालयानंही त्याच वर्षी बजावलं. पण किमान आणि कमाल यांच्यामध्ये अजूनही बरीच मोठी जागा आहे. त्या जागेत तिचा आवाज नाही.

जानेवारी २०२१ मधला नागपूर खंडपीठाचा ‘स्किन टू स्किन’ निकाल तुम्हाला आठवत असेल. बारा वर्षांच्या मुलीला कपड्यांवरून हात लावला, त्वचेला त्वचेचा स्पर्श झाला नाही, म्हणून पोक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही. तीन वर्षांची शिक्षा एका वर्षावर आली. हे आरोपीच्या अपिलात झालं. आठवड्याभरात देशाच्या ॲटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयात जाऊन स्थगिती मिळवली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द झाला. महत्त्व लैंगिक हेतूला आहे, कापडाला नाही, असं न्यायालयानं सांगितलं आणि तीन वर्षं परत आली. चांगलंच झालं. पण प्रत्येक मुलीसाठी देशाचा ॲटर्नी जनरल धावत येणार आहे का? ती बातमी तुमच्या-माझ्या फोनवर फिरली नसती तर?

ती बाहेर, तोही बाहेर

मागच्या वर्षी एका आईचा फोन आला. गाव आणि नाती बदलून सांगते, कारण कायदाही तेच सांगतो आणि शहाणपणही. तिच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्याला दहा वर्षांची शिक्षा झाली होती. फोनवर ती म्हणाली, “मॅडम, तो सुटला का? पोरगी दळण आणायला गेली तर गिरणीवर उभा होता. ती दळण तिथंच टाकून पळत आली.”

तो सुटला नव्हता. त्याच्या शिक्षेला अपील चालू असेपर्यंत स्थगिती मिळाली होती आणि तो जामिनावर होता. मला हे शोधायला एक दिवस लागला. तिला कुणीच कळवलं नव्हतं.

हे बेकायदा नव्हतं, हे त्यातलं सर्वांत वाईट. अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे (जुनं कलम ३८९, नवं ४३०). गंभीर गुन्ह्यांत सोडण्याआधी सरकारी वकिलाला लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. त्या कलमात पीडितेचा उल्लेख नाही. अलीकडे न्यायालयं तिचं ऐकायला लागली आहेत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडण्याचा पीडितेला हक्क आहे. छान आहे. पण ज्या बाईला अर्ज केव्हा दाखल झाला हेच माहीत नाही, तिनं म्हणणं मांडायचं कुठे? गिरणीवर?

स्थगिती मिळते कशी, हे समजून घ्या, म्हणजे सगळा गुंता कळेल. न्यायालयांचं जुनं तत्त्व असं: शिक्षा ठरावीक मुदतीची आहे आणि अपील लवकर ऐकलं जाणार नाही, तर माणसाला आत ठेवलं तर अपील जिंकूनही उपयोग नाही. म्हणून स्थगिती द्यावी. तर्क चुकीचा नाही. पण त्याचा अर्थ काय होतो? न्यायालयाच्या दिरंगाईची किंमत मुलगी मोजते. अपील सहा महिन्यांत ऐकलं गेलं असतं, तर स्थगितीचं हे कारणच उरलं नसतं.

आणि हीच दिरंगाई गरीब कैद्याला उलट्या बाजूनं चिरडते. उत्तर प्रदेशातल्या ललितपूरच्या एका माणसाला २००० साली बलात्काराच्या आरोपाखाली अटक झाली, २००३ मध्ये जन्मठेप. तुरुंगातून पाठवलेलं त्याचं अपील त्रुटी असल्याच्या शेऱ्याखाली सोळा वर्षं पडून राहिलं. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं. तोवर त्यानं सुमारे वीस वर्षं काढली होती आणि त्याचे आईवडील गेले होते. ज्याला चांगला वकील परवडतो त्याच्यासाठी उशीर म्हणजे गिरणीवर उभं राहायची मोकळीक. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी उशीर म्हणजे आयुष्य.

कायद्यात मुदत नाही असं नाही. २०१८ मध्ये, कठुआ आणि उन्नावनंतर, संसदेनं लिहिलं की बलात्काराच्या प्रकरणातलं शिक्षेविरुद्धचं अपील सहा महिन्यांत निकाली काढावं. दोन गोष्टी मात्र झाल्या. मुदत पाळली नाही तर काय, हे लिहिलं नाही. आणि ही मुदत शिक्षा झालेल्याच्या अपिलाला आणि सरकारच्या शिक्षावाढीच्या अपिलाला लागली. आरोपी सुटला म्हणून पीडितेनं केलेल्या अपिलाला कुठलीच मुदत घातली नाही. तिनं थांबायचं.

फाशीची घाई आणि फाशीची रांग

‘म्हणूनच फाशी हवी,’ असं इथं कुणीतरी म्हणेल. फाशीचं गणित मी सांगते. सत्र न्यायालयानं दिलेली फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीनं अपील केलं नाही तरी ती फाइल वर जाते. मग सर्वोच्च न्यायालय, मग फेरविचार, मग दयेचा अर्ज. ज्याला सर्वांत झटपट शिक्षा हवी असते, तो सर्वांत लांबचा रस्ता मागून घेतो.

शक्ती मिल. २०१३ चा गुन्हा, एप्रिल २०१४ मध्ये तिघांना फाशी. उच्च न्यायालयानं ती नोव्हेंबर २०२१ मध्ये मरेपर्यंत जन्मठेपेत बदलली, पॅरोल-फर्लो काही नाही. साडेसात वर्षं. कोपर्डी. जुलै २०१६ चा गुन्हा, नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशी. मुख्य दोषीनं सप्टेंबर २०२३ मध्ये येरवड्यात आत्महत्या केली तेव्हाही उच्च न्यायालयाचा निकाल आलेला नव्हता. पुण्याचं बीपीओ प्रकरण. २००७ चा गुन्हा, २०१२ मध्ये फाशी, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम, २०१७ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. त्यानंतर फाइल इकडून तिकडे फिरत राहिली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याच विलंबामुळे फाशी रद्द करून ३५ वर्षांची शिक्षा दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. इथं आरोपीची कसलीच चलाखी नव्हती. सरकारी टेबलांवर कागद झोपले होते. आणि राग कुणाचा आला? अपिलाचा.

याच रागावर सरकारं पोसली जातात. महाराष्ट्रात २०२० मध्ये शक्ती विधेयक आलं. तपास पंधरा दिवसांत, खटला तीस दिवसांत, अपील पंचेचाळीस दिवसांत. त्यासाठी किती जादा न्यायाधीश, किती सरकारी वकील, किती प्रयोगशाळा, याचा पत्ता नव्हता. हे म्हणजे एसटी तीच, ड्रायव्हर तोच, रस्ता तोच, फक्त फलकावरची वेळ बदलली.

आणि यापेक्षाही घाई झाली की काय होतं ते बदलापूरनं दाखवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाले. लोक रुळांवर उतरले, आणि त्यांचा संताप शंभर टक्के खरा होता. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. शहरात ‘बदला पुरा’चे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्यात त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. खटला चालला असता तर शाळेत काय झालं, कुणी किती दिवस दडवलं, हे साक्षी-पुराव्यांतून कोर्टात मांडता आलं असतं. ती शक्यता गोळीबरोबर संपली. २०१९ च्या हैदराबाद चकमकीत चार आरोपी मारले गेले तेव्हा फुलं उधळली गेली होती. पुढे निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर आयोगानं सांगितलं की गोळीबार मारण्याच्या हेतूनंच केला होता. ज्या निकालाला अपीलच नाही असा निकाल हवा असेल, तर तो हा असतो. तो चुकीचा निघाला तर दुरुस्त करायला कुणी उरत नाही.

मग काय मागायचं?

माझ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला माझ्याच क्षेत्रातल्या लोकांचा: पीडितेला शिक्षावाढीचं अपील दिलं तर फौजदारी कायदा सूडाचा होईल. नाही होणार. अपील करायचा हक्क म्हणजे जिंकायचा हक्क नव्हे. शिक्षा वाढवायची तर आरोपीला ऐकून घ्यावंच लागतं, आणि त्या सुनावणीत तो निर्दोष सुटण्याचीही मागणी करू शकतो. २००९ च्या त्या सहा जणांच्या निकालाची फेरसुनावणी झाली, तीही तिघांची शिक्षा त्यांना न ऐकता वाढवली गेली होती म्हणूनच. न्यायाधीश नको असेल तर नाही म्हणतील. आज मात्र दारच बंद आहे.

दुसरा आक्षेप चांगल्या मनाच्या लोकांचा: अपील म्हणजे त्या मुलीला पुन्हा सगळं भोगायला लावणं. अपील मुख्यतः आधीच्या साक्षी-पुराव्यांच्या कागदांवर चालतं. तिला पुन्हा पिंजऱ्यात उभं राहावं लागत नाही. तिला भोगायला लागतं ते वेगळं: तारीख न कळणं, निकाल इंग्रजीत असणं, वकील बदलत राहणं, आणि गावात तो अचानक दिसणं.

म्हणून मागण्या अशा करू या, ज्या मोजता येतील. कलम ४१३ मध्ये अपुऱ्या शिक्षेविरुद्ध पीडितेला अपिलाचा हक्क घाला. कलम ४३० मध्ये लिहा की लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा स्थगित करण्याआधी तिला तिच्या भाषेत नोटीस मिळालीच पाहिजे, आणि स्थगिती मिळालीच तर तो बाहेर यायच्या आत तिला कळवलं पाहिजे. सत्र न्यायालयात दिलेला मोफत वकील अपिलातही तिच्यासोबत राहू द्या. सहा महिन्यांची मुदत तिच्या अपिलालाही लावा आणि उच्च न्यायालयांत या अपिलांसाठी स्वतंत्र पीठं बसवा. तुरुंगातून आलेल्या अपिलात त्रुटी असेल तर ती दूर करायची जबाबदारी न्यायालयाच्या कार्यालयावर टाका, कैद्यावर नको. आणि दर वर्षी किती अपिलं सहा महिन्यांत संपली आणि किती नाही, हे प्रत्येक उच्च न्यायालयानं जाहीर करावं.

यातल्या एकाही मागणीसाठी कुणाला फाशी द्यावी लागत नाही. कुणाचा वकील काढून घ्यावा लागत नाही. लागतात ते न्यायाधीश, कारकून, टपाल आणि कायद्यातले चार शब्द. हे स्वस्त आहे आणि कंटाळवाणं आहे, म्हणून कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात नाही.

पुढच्या वेळी ती तीन ओळींची बातमी आली की अपील का केलं हे विचारू नका. विचारा, ते कधी ऐकणार? त्या मुलीला नोटीस गेली का? तिच्या बाजूनं उभं कोण राहणार? तुमच्या आमदार-खासदारांच्या पोस्टखाली विचारा. ‘लटकवा’ लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच याला लागतो.